दादाच्या चार कोंबड्या आणि ६२० रुपयांचं ऑरगॅनिक चिकन

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका मैत्रिणीचं हे पत्र आहे. घरात नवरा, सासूबाई आणि ७ वर्षांची मुलगी. तीन-चार महिन्यांपूर्वी हिने मोबाईलवर ब्रॉयलर कोंबड्यांचा एक व्हिडिओ बघितला. वजनाने खाली बसलेले, उठता न येणारे पक्षी होते, आणि आवाज सांगत होता की हार्मोनची इंजेक्शनं देऊन ४० दिवसांत कोंबडी तयार करतात, म्हणूनच हल्ली मुली लवकर वयात येतात. त्या दिवसापासून नेहमीच्या दुकानातलं २४० रुपये किलोचं चिकन बंद झालं आणि गंगापूर रोडच्या एका दुकानातून ‘सर्टिफाइड ऑरगॅनिक’ म्हणून ६२० रुपये किलोचं यायला लागलं. आठवड्याला २ किलो लागतं. नवरा म्हणतो महिन्याचं गणित बसत नाही. सासूबाई निफाडकडच्या, त्या म्हणतात की हे असलं पाकिटातलं आम्ही कधी खाल्लं नाही आणि मेलोही नाही. आणि खरी अडचण अशी की सिन्नर तालुक्यात हिच्या सख्ख्या मोठ्या भावाचंच ५,००० पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे, कंपनीच्या करारावरचं. आखाडात तो चार कोंबड्या साफ करून पिशवीत घेऊन आला, तेव्हा ही दारातच म्हणाली, दादा, हे आमच्याकडे आता कुणी खात नाही. तो काही न बोलता चहा पिऊन पिशवी घेऊन परत गेला. आता राखी तोंडावर आलीये. ती विचारते की ऑरगॅनिक खरंच ऑरगॅनिक आहे हे ओळखायचं कसं, त्यावर एवढे पैसे घालवण्यात अर्थ आहे का, आणि दादाला काय सांगू.

तुला सरळ तू म्हणते, चालेल ना, माझ्या भाचीएवढी आहेस.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला मला ती पिशवीच दिसत राहिली. ऑरगॅनिकचं सविस्तर बोलू, पण त्याआधी एक गोष्ट सांगते जी तुला बहुतेक माहीत नसेल. करारावरच्या शेडमध्ये पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची आणि तयार झालेला पक्षीसुद्धा कंपनीचाच. शेतकऱ्याचं काय, तर शेड, पाणी, लाईटबिल आणि रात्रीची झोप, त्याबदल्यात त्याला किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात. म्हणजे त्या चार कोंबड्या ‘घरच्या’ नव्हत्या गं, दादाने त्या बहुतेक स्वतःच्या हिशोबातून पैसे कापून आणल्या असणार. त्याने हे सांगितलं नसेल. भाऊ असलं काही सांगत नाहीत.

आता तो व्हिडिओ. त्यात एक खोटी आणि एक खरी गोष्ट एकाच भांड्यात कालवलीये, म्हणून तो इतका मनाला लागतो.

खोटी गोष्ट हार्मोनची. वाढीचा हार्मोन हे प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात डाळीसारखं पचून जातं, काही उपयोग नाही. टोचायचं म्हटलं तर एकेक पक्षी धरून परत परत टोचायला लागेल. दादाच्या शेडवर ५,००० पक्षी आणि सांभाळणारी माणसं किती, दोन? ते कधी टोचणार आणि त्या औषधाचे पैसे कुठल्या किलोतून निघणार? ब्रॉयलरला जे देतात त्या लसी. एक राणीखेतची, ज्याला तुमच्याकडे मानमोडी म्हणतात, एक गंबोरोची, आणि त्याही बहुतेक डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून. लस ऑरगॅनिकमध्येसुद्धा चालते, त्यामुळे ‘आमच्या कोंबडीला काहीच टोचलेलं नाही’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर खूश होऊ नकोस, उलट काळजी कर.

मग ४० दिवसांत दोन किलो कसे होतात? निवडीने. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक फार बोलका प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये छापून आला. त्यांनी १९५७ सालचं कोंबडीचं वाण, १९७८ चं वाण आणि २००५ चं वाण, तिन्ही एकाच प्रकारचं खाद्य देऊन शेजारी शेजारी वाढवली. ५६ व्या दिवशी पहिलं भरलं ९०५ ग्रॅम, दुसरं १,८०८ ग्रॅम आणि तिसरं ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, इंजेक्शन नाही, फरक नुसता वाणाचा. पन्नास वर्षं लोक दर पिढीतले सगळ्यात पटकन वाढणारे पक्षी निवडत गेले, जसं आपण कांद्याचं बियाणं निवडतो तसं.

आणि इथंच ती खरी गोष्ट येते. मांस इतक्या झपाट्याने चढतं की पाय आणि हृदय मागे पडतं. काही पक्षी लंगडतात, काहींच्या पोटात पाणी होतं, काही नुसते बसून राहतात. व्हिडिओतले ते पक्षी खोटे नव्हते, फक्त त्यांच्या त्या अवस्थेचं कारण खोटं सांगितलं होतं.

मुलगी लवकर वयात येईल ही भीती तुझ्या पत्रात तीन वेळा आलीये, म्हणून तेवढंच वेगळं सांगते. जे हार्मोन कोंबडीला दिलेच जात नाहीत त्यांच्यामुळे हे होत नाही. अंगातली चरबी वाढणं हे एक माहीत असलेलं कारण आहे, बाकीची कारणं अनेक असतात. ७ व्या वर्षी तुला शरीरात खरंच काही बदल दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे ने, चिकनच्या दुकानात त्याचं उत्तर नाहीये.

म्हणजे सगळं ठीकठाक आहे का, तर नाही. ज्याची काळजी करायला हवी ती गोष्ट व्हिडिओत नव्हतीच बहुतेक, अँटिबायोटिक. गर्दीच्या शेडमध्ये आजार आला की पसरतो, म्हणून काही ठिकाणी पक्षी आजारी नसतानाही पाण्यातून औषध दिलं जातं. २०१४ मध्ये पर्यावरणावर काम करणाऱ्या सीएसई या संस्थेने दिल्ली आणि आसपासच्या कोंबडीचे ७० नमुने तपासले होते, त्यातल्या ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन नावाचं औषध आहे, माणसाला बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर ते काढतात, ते आपल्याकडे कोंबड्यांना खुशाल दिलं जायचं, शेवटी २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. याचा खरा धोका तुझ्या ताटातल्या तुकड्यापेक्षा मोठा आहे, औषधाला न जुमानणारे जंतू शेडमध्ये तयार होतात आणि तिथून माती, पाणी, कामगार असं करत सगळीकडे जातात. त्या शेडमध्ये रोज आत कोण जातं? दादा जातो.

औषध दिल्यावर काही दिवस पक्षी कापायचा नाही असा नियम आहे, ते दिवस बाटलीवर लिहिलेले असतात. २०१२ पासून असंही आहे की बाटलीवर दिवस लिहिलेले नसतील तर मांसासाठी कमीत कमी २८ दिवस धरायचे. आता गंमत बघ, पक्ष्याचं सगळं आयुष्यच ४० दिवसांचं. त्यामुळे ‘औषध दिलं का’ यापेक्षा ‘शेवटचं औषध कितव्या दिवशी दिलं’ हा प्रश्न जास्त कामाचा, आणि हा प्रश्न तू नाशिकमध्ये ज्या एकाच माणसाला विचारू शकतेस आणि खरं उत्तर मिळवू शकतेस, त्याला तू दारातून परत पाठवलंस.

बरं, रागावत नाहीये. पुढे जाऊ.

ऑरगॅनिक ही काय भानगड आहे ते आता. तू नाशिकची आहेस म्हणून द्राक्षाने सांगते, पटकन कळेल. ‘रेसिड्यू फ्री’ द्राक्ष आणि ‘ऑरगॅनिक’ द्राक्ष एक नाही हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. २०१० ला युरोपात क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडकली तेव्हापासून तर प्रत्येक बागायतदार लॅबच्या रिपोर्टची भाषा बोलतो. रेसिड्यू फ्री म्हणजे शेवटी तपासलं तेव्हा अंश मर्यादेच्या आत होते, मध्ये काय काय मारलं ते त्यात येत नाही. ऑरगॅनिक म्हणजे पहिल्या दिवसापासून कसं वाढवलं त्याची नोंद. चिकनचं तसंच. ‘अँटिबायोटिक फ्री’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा पहिल्या प्रकारातलं असतं, वाईट नाही, चांगलंच आहे, पण त्याला ऑरगॅनिकचा भाव देऊ नकोस.

आपल्या देशात ऑरगॅनिकचे नियम एनपीओपी नावाच्या सरकारी कार्यक्रमाखाली येतात, तो अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था बघते, तेच अपेडा जे आपल्या द्राक्षबागांची नोंदणी बघतं. जनावरांसाठीही त्यात नियम आहेत. खाद्य ऑरगॅनिक पाहिजे, म्हणजे मका आणि सोयापेंड दोन्ही. त्यात जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या वाणाचं, चालत नाही, आणि २०२१ मध्ये पेंड महागली तेव्हा सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली होती, म्हणजे हा मुद्दा नुसता कागदावरचा नाही. आजार नसताना अँटिबायोटिक द्यायचं नाही, पक्षी पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत, त्यांना बाहेर मोकळं फिरायला मिळालं पाहिजे. आजारी पडला तर उपचार करायचे, पण मग तो विकायला जास्त दिवस थांबायचं. अमेरिकेत तर एकदा अँटिबायोटिक दिलं की ते जनावर ऑरगॅनिक म्हणून विकताच येत नाही. तुझे ६२० रुपये कुठे जातात तर सगळ्यात जास्त त्या खाद्यात आणि जास्तीच्या दिवसांत.

दुकानात काय बघायचं? पाकिटावर ‘जैविक भारत’चा, म्हणजे ऑरगॅनिक मालाचा सरकारी लोगो आहे का, २०१७ च्या नियमांनंतर तो आला. नुसता १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, बघून समाधान मानू नकोस, तो तर फरसाणच्या पुडीवरही असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला म्हण की स्कोप सर्टिफिकेट दाखवा. त्यात शेताचं नाव, मुदत आणि कोणकोणत्या मालासाठी सर्टिफिकेट आहे त्याची यादी असते. पुष्कळदा काय होतं, फार्मकडे सर्टिफिकेट असतं, खरंखुरं असतं, पण ते असतं भाजीपाल्याचं नाहीतर आंब्याचं, आणि त्याच फार्मच्या नावाने कोंबडीही ‘ऑरगॅनिक’ होऊन जाते. यादीत कोंबडी नसेल तर तू ६२० रुपयांना सुंदर पाकीट घेतेयस. सर्टिफिकेट दाखवायला खळखळ केली, ‘मॅडम विश्वास ठेवा’ वगैरे सुरू झालं, तर तिथंच थांब.

एक मात्र लक्षात ठेव, छोटा शेतकरी थेट गिऱ्हाइकाला स्वतःचा माल विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटची सक्ती नाही, तो फक्त लोगो लावू शकत नाही. त्यामुळे पेठ-सुरगाण्याकडची एखादी मावशी डालग्यात चार कोंबड्या घेऊन बसली असेल तर तिला कागद मागून लाजवू नकोस.

आता जरा थांबून स्वतःला विचार, तुला नेमकं काय खुपतंय? मी हे मुद्दाम विचारतेय कारण पत्रात तू सगळीकडे ‘हेल्दी’ हा शब्द वापरलायस, पण ज्या वाक्याला तुझा हात थरथरला असेल असं मला वाटलं ते वाक्य वेगळंच आहे, ‘ती पिल्लं उठू शकत नव्हती आणि माझी मुलगी शेजारी बसून बघत होती’. तब्येतीची काळजी एक, जनावराच्या हालांचं वाईट वाटणं दुसरं. दोन्ही खऱ्या, पण दोन्हीवर औषध एकच नाही. तब्येतीसाठी अँटिबायोटिकचा प्रश्न विचारणं, घरी कच्चं चिकन सिंकमध्ये धूत न बसणं, त्याचा पाट-सुरी वेगळी ठेवणं आणि नीट शिजवणं, एवढ्याने बराच रस्ता पार होतो. साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू काही सर्टिफिकेट वाचून परत जात नाही, तो ऑरगॅनिक कोंबडीतही असू शकतो.

हाल कमी व्हावेत हे जर हवं असेल तर सर्टिफिकेट अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत येतं. युरोपात ऑरगॅनिक कोंबडी एकतर सावकाश वाढणाऱ्या वाणाची हवी, नाहीतर ८१ दिवसांच्या आधी कापता येत नाही, शेडच्या एका कप्प्यात ४,८०० च्या वर पक्षी नाहीत आणि बाहेर प्रत्येक पक्ष्याला ४ चौरस मीटर जागा. आपल्याकडच्या साध्या शेडमध्ये पक्ष्याला साधारण एक चौरस फूट मिळतो, म्हणजे घरातल्या एका फरशीएवढा, त्याच्याशी ताडून बघ. तू ज्यांच्याकडून घेतेस त्यांना हे दोनच प्रश्न विचार, वाण कुठलं आणि कितव्या दिवशी कापता. उत्तर ‘४० दिवस’ आलं तर खाद्य भले ऑरगॅनिक असेल, पण उठता न येणारं पिल्लू तेच असू शकतं. ९० दिवस, १०० दिवस असं काही आलं आणि वाणाचं नाव आलं, वनराजा, गिरिराजा, कावेरी असं काही, तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही.

आणि शेडच्या पुढचं कुठल्याच पाकिटावर नसतं. मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण रोज बघतो, द्वारका सर्कलला सिग्नलला शेजारी उभ्या असतात. दुकानातल्या जाळीत कोंबलेल्या, समोर दुसरीचं चाललंय ते बघणाऱ्या. २००१ च्या कत्तलखान्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की एका जनावराला दुसऱ्याच्या देखत कापायचं नाही. तुझ्या नेहमीच्या चिकनवाल्याला मध्ये एक पडदा लाव रे बाबा म्हणून सांगायला एक रुपया लागत नाही. मी सांगितलं होतं आमच्याकडच्याला. आधी हसला, मग चार-पाच बायकांनी सांगितल्यावर लावला, गोणपाटाचा का होईना.

मग गावरान घ्यावं का, तर घे, पण डोळे उघडे ठेवून. मी स्वतः फसलेय. शहराबाहेर रस्त्याकडेला एकजण ‘अस्सल गावरान’ची पाटी लावून बसायचा, दोन वर्षं मी त्याच्याकडून घेत होते, भाव न करता. एकदा माझ्या मावससासूबाई सोबत होत्या. त्यांनी गाडीतूनच बघितलं आणि म्हणाल्या, अगं ह्या सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, एका वयाच्या कशा? गावातल्या कोंबड्या अशा असतात होय? खरंच की. गावरान म्हटलं की एक तांबडी, एक काबरी, एक मान उघडी, एक तलंग, एक म्हातारी, सगळा गोतावळा असतो. त्या सगळ्या हॅचरीतून एकाच दिवशी आणलेल्या होत्या. खायला वाईट नव्हत्या, पण मी पैसे गावरानचे दिले होते. अंड्यांचंही तेच, तपकिरी कवच म्हणजे गावरान नाही, तो जातीचा रंग, आणि बलक पिवळाधमक असणं खाद्यावर असतं, मका जास्त असला तरी होतो.

शक्य असेल तर एकदा फार्म बघून ये, हे मी सगळ्यांनाच सांगते. दिंडोरी, गिरणारे, त्र्यंबककडे रविवारी आपण तसेही भटकतोच. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, खालचं तूस ओलं आहे. पक्षी मातीत लोळतायत का, सावली आहे का, चालताना लंगडत तर नाहीत. आणि ‘आमच्या कोंबड्या चोवीस तास मोकळ्या’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, आपल्या भागात मुंगूस आहे, रानमांजर आहे, उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, ज्याला पक्ष्यांची काळजी आहे तो संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालतोच.

मटणाबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण सांगावंसं वाटतंय, कारण हा विषय आला की सगळे कोंबडीवर तुटून पडतात आणि बोकडाकडे कुणी बघत नाही. तुझ्या माहेरच्या सिन्नर तालुक्यात, तिकडे येवला-नांदगावकडे, संगमनेरी नाहीतर उस्मानाबादी शेळ्या दिवसभर रानात बोरी-बाभळी ओरबाडत हिंडतात, संध्याकाळी वाडग्यात येतात. युरोपातला माणूस ज्याला फ्री रेंज म्हणून दुप्पट पैसे मोजतो ते आपल्याकडे धनगराच्या पोराला नुसतं ‘शेरडं चारणं’ वाटतं. त्यावर कुठलं सर्टिफिकेट नाही, बहुतेक कधी नसणारही. तिथंही विचारायचं असतंच, जंताचं औषध कधी पाजलं, लस झाली का. आणि आपल्या जिल्ह्यापुरता एक खास प्रश्न, द्राक्षाच्या छाटणीचा पाला घालता का. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला पाला फुकट आणि ढीगभर मिळतो, शेळ्या आवडीने खातात, पण त्या बागेवर काय काय मारलेलं असतं ते तुला-मला दोघींना ठाऊक आहे. ज्या दुकानात बोकड रीतसर तपासून, शिक्का मारून येतो तिथून घे, एवढं मात्र पाळ.

पैशाचं आता. तू महिन्याला साधारण ८ किलो आणतेस. २४० ने १,९२० व्हायचे, ६२० ने ४,९६० होतात, म्हणजे ३,०४० रुपयांचा फरक, नवऱ्याची कुरकुर अगदीच चुकीची नाही. आता उलटं मांडून बघ, जुन्याच १,९२० रुपयांत चांगलं चिकन ३ किलो येतं. महिन्यातून तीनदा, रविवारी, नीट काळ्या मसाल्याचा रस्सा करून, भाकरीबरोबर. मधल्या दिवसांत अंडी, मटकी, शेंगदाण्याची आमटी, मुलीचं प्रथिन कुठं कमी पडत नाही. रोजच्या जेवणात चिकन ही सवय आपल्या घरांना ब्रॉयलर स्वस्त झाल्यावर लागली, त्याआधी कोंबडं पाहुणा आला तरच कापलं जायचं, सासूबाईंना विचार. आणि त्यांना आणखी एक विचार, सावकाश वाढलेली कोंबडी शिजवायची कशी. ती कुकरला दोन शिट्ट्यांत होत नाही, तिला वेळ लागतो, हाडांचं पाणी वेगळं काढावं लागतं, पहिल्या वेळेला तुझी मुलगी ‘रबर आहे’ म्हणेल. निफाडच्या बाईला हे माहीत असणार. ‘पाकिटातलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्या सासूबाईंच्या हातात पळी दिलीस तर घरातला अर्धा वाद तिथंच शिजून जाईल.

या तीन किलोंतलं सगळं ऑरगॅनिकच पाहिजे असंही नाही. सर्टिफिकेट खरं निघालं आणि वाणाचं उत्तर बरं मिळालं तर तेच चालू ठेव. नाही मिळालं तर एखादा ओळखीचा फार्म धर आणि दोन-तीन शेजारणी मिळून एकत्र ऑर्डर द्या, फार्मवाल्यांनाही ते सोयीचं पडतं. यातलं काहीच जमलं नाही आणि कधीतरी नेहमीच्या दुकानातून एक किलो आणलं तर तू वाईट आई ठरत नाहीस.

आता दादा. त्याला काय सांगू असं तू विचारलंयस, माझं म्हणणं आहे आधी काही सांगूच नकोस, विचार. तो कोणतं पिल्लू घ्यायचं ते ठरवत नाही, खाद्यात काय आहे ते ठरवत नाही, कंपनीचा सुपरवायझर येऊन जे लिहून देतो ते पाजतो, आणि मरतूक जास्त झाली तर फटका मात्र त्याच्या हिशोबाला बसतो. उन्हाळ्यात गारव्यासाठी पाण्याचे तुषार मारणारा फॉगर बंद पडला तर रात्रभर जागणारा तोच असतो. तुझा राग ज्या पद्धतीवर आहे ना, तिच्या खालच्या पायरीवर तो उभा आहे, वरच्या नाही. त्याच्या दारात जाऊन ‘दादा, मी चुकीचं बोलले, पण मला भीती वाटते, तुझ्याकडे औषध कधी काय देतात ते मला दाखवशील का’ असं म्हणालीस तर मला नाही वाटत तो नाही म्हणेल. पुष्कळ शेडवर बॅचचं कार्ड असतं, रोजची मर, खाद्य, औषध त्यावर मांडलेलं असतं. ते बघ. त्यातलं शेवटच्या आठवड्याचं बघ. सगळं नीट असेल तर तसं त्याला तोंडाने सांग, मनात ठेवू नकोस. आणि नीट नसेल तर आरोप न करता विचार की सुपरवायझरशी यावर बोलता येईल का, कारण रोज त्या हवेत श्वास घेणारा तोच आहे.

एक सूचना मात्र करू नकोस, जी मला खात्री आहे तुझ्या डोक्यात येईल, ‘दादा, शेडमागे आमच्यासाठी पंचवीस गावरान पाळ ना’. करारावरच्या शेडजवळ दुसऱ्या कोंबड्या कंपन्या सहसा चालवून घेत नाहीत, रोग आत येतो म्हणून. तुझ्यासाठी तो पाळेल, आणि करार जाईल. त्याला स्वतःला कधी सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यांकडे वळायचं असेल आणि गिऱ्हाईक शहरात शोधायचं असेल, तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा तू आणि तुझ्या शेजारणी त्याच्या उपयोगी पडाल. पण तो विषय त्याने काढू दे.

सध्या श्रावण आहे, तुमच्याकडे तसंही महिनाभर काही शिजणार नाही, म्हणजे काय खायचं हे आत्ताच्या आत्ता ठरवायची घाई नाही. राखीला जा. पुरणपोळी खा, ओवाळ, पिशवीचा विषय जेवणं झाल्यावर काढ, सगळ्यांच्या समोर नको. मग म्हण, चल शेड दाखव. मुलीला आत न्यायचं का नाही ते दादाला ठरवू दे, पिल्लं नुकतीच आली असतील तर तो नाहीच म्हणेल आणि ते बरोबर आहे. तू जाशील तेव्हा चपला बाहेर काढ, दारात पोटॅशच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असेल त्यात पाय बुडव, आणि राखीची चांगली साडी नेसून जाऊ नकोस, तुसाचा वास दोन धुण्यांत जात नाही.